बंबाची मिरवणूक

आमच्या पिढीतील मराठी माणसाला 'बंब' म्हटले की दोन वस्तू आठवतात. एक न्हाणीघरातला, दिवाळीच्या आदल्या दिवशी चिंच लावून लखलखीत घासलेला तांब्याचा बंब; आणि दुसरा घंटा वाजवीत रस्त्याने धावणारा तांबडा, आगीचा. पहिला घासण्याचे काम बालपणी आमच्याकडे असे आणि दुसरा पाहण्यासाठी आम्ही हातातले पुस्तक टाकून धावत असू. पुढे केंद्र सरकारच्या चाकरीमुळे दिल्लीस आलो. न्हाणीघरातला बंब गीझरने हद्दपार केला. आगीच्या बंबाचे कुतूहल मात्र या वयातही गेलेले नाही.

हा दुसरा बंब हौसेने घरी बाळगणारे लोक अमेरिकेत आहेत, हे प्रथम वाचले तेव्हा आम्हास नवल वाटले. निकामी झालेला बंब विकत घ्यावा, त्याचा पंप उघडून झिजलेले भाग बदलावेत, लाकडी शिड्या तासून घ्याव्यात, पितळी घंटा घासावी, तांबड्या रंगावर सोन्याच्या वर्खाने अक्षरे काढून घ्यावीत आणि सुटीच्या दिवशी तो मिरवणुकीत न्यावा, असा हा छंद आहे. अशा छांदिष्टांची एक राष्ट्रीय संस्थाच १९५८ साली न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज येथे स्थापन झाली. तिच्या मेळाव्यांत जुने बंब नुसते उभे राहत नाहीत, पाणीही फेकून दाखवितात.

हे धनिकांचे खूळ आहे असे कोणी म्हणेल. आम्हीही प्रथम तसेच म्हणालो. परंतु या छंदाचे मूळ शोधीत गेलो, तेव्हा ते थेट एका मंडळापाशी जाऊन पोहोचले. म्हणूनच आमच्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत हा विषय मांडण्याचे धाडस आम्ही करीत आहो.

१७३६ सालच्या डिसेंबरात फिलाडेल्फिया शहरी बेंजामिन फ्रँकलिन यांनी तीस नागरिकांची एक 'युनियन फायर कंपनी' स्थापन केली. नाव कंपनी असले तरी तो व्यापार नव्हता. शेजारधर्माचे ते मंडळ होते. प्रत्येक सभासदाने चामड्याच्या ठराविक बादल्या आणि सामान वाहून नेण्यासाठी मजबूत पिशव्या व टोपल्या सदैव तयार ठेवावयाच्या. कोठेही आग लागली की त्या घेऊन धावावयाचे. महिन्यातून एक संध्याकाळ सर्वांनी एकत्र बसून आगीविषयी विचारविनिमय करावयाचा. सभेस जो गैरहजर राहील त्याला दंड, आणि त्या दंडाच्या रकमेतून बंब, शिड्या, आकडे यांची खरेदी! वर्गणी थकविणाऱ्यांची यादी ज्यांनी कधी तयार केली असेल, त्यांना या योजनेतील शहाणपण निराळे समजावून सांगावयास नको. उतारवयात आत्मचरित्र लिहिताना फ्रँकलिन यांनी मोठ्या समाधानाने नमूद केले आहे की, पन्नासाहून अधिक वर्षे लोटली तरी ती संस्था चालू आहे. मूळच्या सभासदांपैकी मात्र ते स्वतः आणि त्यांच्याहून एक वर्षाने वडील असलेले दुसरे एक गृहस्थ, एवढेच हयात आहेत. सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी हे वाक्य वाचताना आमच्या डोळ्यांसमोर संस्थापकांचा तो पहिला समूहछायाचित्रातला चेहरामोहरा उभा राहिला.

पुढील शतकात अशा स्वयंसेवी कंपन्या अमेरिकेच्या शहराशहरांत निघाल्या. त्या काळचा बंब हाताने चालवावयाचा असे. दोन्ही बाजूंच्या लांब दांड्यांना माणसे लागत, आणि एक बाजू खाली दाबली की दुसरी वर येई. हे श्रम विनावेतन करणाऱ्या माणसांचे आपल्या बंबावर प्रेम जडले, यात नवल नाही. त्यांनी बंब रंगविले, त्यांवर पितळेची कलाकुसर केली. फिलाडेल्फियातील जॉन वुडसाइड यांच्यासारख्या नामांकित चित्रकारांकडून बंबाच्या फळ्यांवर चित्रे काढून घेतली. डोक्यावर रंगीत टोप्या आणि अंगावर कंपनीचे नाव मिरविणारे झगे घालून हे लोक मिरवणुकीत चालत. कोणाच्या बंबाची धार अधिक लांब जाते, याच्या चुरशीच्या स्पर्धा लागत. आजच्या हौशी मेळाव्यांची ही पूर्वपीठिका.

एवढ्यावर कथा संपली असती तर ती गोड झाली असती. परंतु चुरस वाढली, तशी आगीपेक्षा मान मोठा झाला. घटनास्थळी प्रथम कोण पोहोचला, पाण्याचा नळ कोणाच्या ताब्यात, यावरून मारामाऱ्या होऊ लागल्या. १८५१ साली सिनसिनाटी शहरात एका लाकूड कारखान्यास आग लागली असता विझवावयास आलेल्या कंपन्या आपसांतच भिडल्या आणि कारखाना त्यांच्या डोळ्यांदेखत जळून गेला. न्यूयॉर्कमध्ये निराळाच प्रकार घडला. तेथील सहा क्रमांकाच्या कंपनीच्या बंबावर वाघाचे चित्र होते. तिचा नायक विल्यम ट्वीड याच लोकप्रियतेच्या शिडीवरून राजकारणात चढला आणि पुढे शहराची तिजोरी लुटणारा म्हणून कुप्रसिद्ध झाला. थॉमस नास्ट यांच्या व्यंगचित्रांत त्याच्या पक्षाचे प्रतीक म्हणून जो वाघ आला, तो या बंबावरचाच.

परिणाम व्हावयाचा तोच झाला. १ एप्रिल १८५३ रोजी सिनसिनाटीने वाफेवर चालणारा बंब आणून पगारी दल उभे केले. १८६५ मध्ये न्यूयॉर्कने व १८७१ मध्ये फिलाडेल्फियाने तोच मार्ग धरला. मोठ्या शहरांतील स्वयंसेवकांचे युग संपले. लहान गावांतून मात्र ते आजही टिकून आहे.

शंभर वर्षांनी हा छंद एका नव्या रूपाने प्रकटला. १९७२ साली अमेरिकन दूरचित्रवाणीवर 'इमर्जन्सी!' ही मालिका सुरू झाली. लॉस एंजेलिस परगण्याच्या अग्निशामक दलातील दोन प्रथमोपचारक तिचे नायक होते, आणि त्यांची डॉज बनावटीची तांबडी गाडी, 'स्क्वॉड ५१', हीदेखील जवळजवळ नायिकाच होती. रुग्णाला रुग्णालयात नेण्यापूर्वी जागीच उपचार देण्याची कल्पना त्या वेळी अगदी नवी होती. ती घरोघर पोहोचविण्याचे मोठे कार्य या मालिकेने केले. ती पाहून वाढलेल्या मुलांपैकी काहींनी प्रौढपणी तशीच गाडी स्वहस्ते बांधण्याचा ध्यास घेतला. त्या काळच्या डॉजचा सांगाडा शोधावयाचा, त्यावर दोन्ही बाजूंना कप्पे असलेली पेटी चढवावयाची, कप्प्यांत प्राणवायूचे नळकांडे, औषधांची पेटी, दोरखंड जागच्या जागी लावावयाचे, आणि प्रदर्शनात सारी दारे उघडी ठेवून मुलांना आत बसू द्यावयाचे! खाजगी गाडीवरील तांबडा दिवा व भोंगा रस्त्यावर वापरण्यास अनेक राज्यांत बंदी असल्याने हे लोक वाटेत दिवे झाकून नेतात, हेही आम्हास विशेष वाटले. मान मिरवावा, पण तो खऱ्याच्या वाटेत येऊ नये, हा धडा सिनसिनाटीच्या वारसदारांनी गिरविलेला दिसतो.

या कथेचा एक धागा आमच्या दिल्लीतही आहे. चाणक्यपुरीतील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात १९१४ सालचा, इंग्लंडातील जॉन मॉरिस कंपनीने बांधलेला एक बंब आहे. मराठवाडा ज्या संस्थानात होता, त्या निजामाच्या हैदराबादेतील रेल्वेची सेवा करून तो येथे आला. १९६४ पासून दिल्लीत भरत आलेल्या 'स्टेट्समन'च्या जुन्या मोटारींच्या फेरीत तो अनेकदा धावलेला आहे. आमची मुले लहान असताना त्याच्यासमोरून हलावयास तयार नसत, आणि खरे सांगावयाचे तर आम्हीही नसू.

परंतु त्या बंबासमोर उभे राहिले की आम्हास मुंबई आठवते. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजातील कापसाने पेट घेतला. त्याच जहाजात स्फोटकेही होती. बंब घेऊन धावलेले जवान पाण्याचा मारा करीत असतानाच स्फोट झाला. मुंबई अग्निशामक दलाचे सहासष्ट जवान त्यात कामी आले. भायखळ्याच्या मुख्यालयात त्यांचे स्मारक आहे, आणि चौदा एप्रिलपासूनचा सप्ताह देशभर अग्निशमन सेवा सप्ताह म्हणून पाळला जातो. बंबाचा लखलखाट कशासाठी असतो, हे त्या सहासष्ट जणांनी सांगून ठेवले आहे.

आणि आपण? ज्या कचेऱ्यांतून आमची नोकरी झाली, त्यांपैकी एकीच्या व्हरांड्यात तांबड्या बादल्यांची सुरेख रांग होती. दरवर्षी त्यांना नवा रंग लागे, आणि 'तपासले' म्हणून नोंदवहीत सही होई. ती सही काही वर्षे आमचीच होती. एके दिवशी एका फायलींच्या कपाटाखाली ठिणगी पडून धूर निघाला. शिपाई बादली उचलावयास धावला, तर तिच्यात वाळू नव्हतीच. पानाच्या पिंका आणि विड्यांची थोटके होती. आग अंगावरच्या कोटाने विझली, म्हणून निभावले. त्यानंतर मात्र सही करण्यापूर्वी आम्ही प्रत्येक बादलीत हात घालून पाहू लागलो.

मंडळाच्या गेल्या पन्नास वर्षांत गणेशोत्सवाची आरास वाढली, रोषणाई वाढली, ही स्मरणिकाही गुळगुळीत कागदावर निघाली. याचा आम्हास आनंदच आहे. ज्याची मिरवणूक निघत नाही त्याची निगाही फारशी राखली जात नाही. परंतु परमुलखात मध्यरात्री घरात कोणी अत्यवस्थ झाले, तर दार ठोठवावयास प्रथम आठवतो तो मंडळातलाच माणूस. आमच्या वडिलांच्या अखेरच्या आजारात रात्री दोन वाजता स्कूटर घेऊन आलेले गृहस्थ आमच्या नात्याचे नव्हते, मंडळाचे होते. ते दार पुढील पन्नास वर्षे उघडे राहो. सुवर्णमहोत्सवाची आरास उतरल्यावर नव्या कार्यकारिणीने एकदा बादल्यांत हात घालून पाहावा, एवढीच या जुन्या सभासदाची विनंती आहे.