रंगरेषांची मायबोली

आपल्या घरांतील आल्तारावर पवित्र मरियेची जी तसबीर असते, तिची मुखमुद्रा व वस्त्रे बहुधा युरोपातील असतात. त्यात वावगे काही नाही. आपल्या वाडवडिलांनी त्याच तसबिरीपुढे गुडघे टेकून रोजरी म्हटली. परंतु हीच माउली आपल्या मातीतील स्त्रीसारखी दिसली, तर आपली भक्ती उणावेल काय? आंजेलो द फोन्सेका या गोमंतकीय चित्रकाराने हा प्रश्न आयुष्यभर उराशी बाळगला आणि त्याची किंमतही मोजली.

फोन्सेका यांचा जन्म १९०२ साली गोव्यातील सांत इस्तेव या बेटावर झाला. वैद्यकाचा अभ्यास सोडून ते मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथील पाश्चात्त्य वळणाच्या शिक्षणात त्यांचे मन रमेना. म्हणून त्यांनी बंगालची वाट धरली आणि अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस यांचे शिष्यत्व पत्करले. जलरंगाचा पातळ थर द्यायचा, कागद पाण्याने धुवायचा, पुन्हा थर द्यायचा, ही 'वॉश' पद्धती त्यांनी तेथे आत्मसात केली. या पद्धतीत रंग कागदात मुरतात आणि चित्राला सौम्य, प्रार्थनामय शांतता लाभते.

तंत्र त्यांनी गुरूंकडून घेतले. विषय मात्र आपल्या श्रद्धेतून आणला. त्यांची मरिया साडी नेसते; तिचा वर्ण सावळा असतो. या मीलनातूनच त्यांची स्वतःची शैली घडली.

पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात मात्र ही चित्रे अनेकांना रुचली नाहीत. मरियेला साडी नेसवणे त्यांना अधर्म वाटले. विरोधामुळे फोन्सेका यांनी गाव सोडले. पुण्यातील ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या अँग्लिकन आश्रमाने या कॅथलिक चित्रकाराला आसरा दिला. मुंबईचे येशूसंघीय इतिहासकार फादर हेन्री हेरास यांनी त्यांना प्रोत्साहन दिले.

आम्हांस येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे स्मरण होते. १६१६ साली छापलेल्या 'ख्रिस्तपुराणा'त त्यांनी प्रभूचे चरित्र मराठी ओवीत गायिले. ओवी आपली वाटली, मग साडी परकी का वाटावी? कदाचित कानांनी जे सहज स्वीकारले, ते स्वीकारण्यास डोळ्यांना अधिक काळ लागत असावा.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात म्हटले, की ख्रिस्तसभेने कोणतीही एकच कलाशैली आपली म्हणून स्वीकारलेली नाही. तोवर फोन्सेका यांनी अनेक वर्षे आपली वाट एकाकीपणे चालली होती. १९६७ साली त्यांनी इहलोकीची यात्रा संपवली. ज्या गोव्याने त्यांना दूर सारले, त्याच गोव्यात, पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात, आज त्यांची अनेक चित्रे जतन केलेली आहेत. गोव्यास जाणाऱ्या कुटुंबांनी मुलाबाळांसह त्यांच्यापुढे क्षणभर उभे राहावे. तेथे आपल्याच आजीचा चेहरा दिसला, तर नवल वाटू नये.