पैशाचे वजन घटले, मोल का टिकले?

जुन्या घरांत अजूनही एखादा भोकाचा पैसा सापडतो. मुलांना त्या भोकाची गंमत वाटते. ते भोक का पडले, हे पाहू लागलो की नाण्याचा इतिहास उलगडू लागतो.

मुंबईत कंपनीची टांकसाळ १६७२ मध्ये सुरू झाली. चांदीच्या नाण्याबरोबर तेथे तांब्याचे ‘कॉपरून’ आणि कथलाचे ‘टिनी’ ही चिल्लर पाडली जाई. त्याच दशकात ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ ही अक्षरे मिरवणारी तांब्याची शिवराई अवतरली. ही नाणी हातोड्याच्या घावाने पाडलेली असत. त्यामुळे कडा वेड्यावाकड्या होत आणि अक्षरे अर्धवट उमटत. १७९१ मध्ये मात्र बर्मिंगहॅमजवळ यंत्रावर पाडलेले, तराजूचे चित्र असलेले गोल गरगरीत पैसे मुंबईसाठी आले.

आता वजने पाहू. १८३५ च्या तांब्याच्या पाव आण्याचे, म्हणजे एका पैशाचे, वजन ६.४८ ग्रॅम होते. १९०६ पासून तो कांस्याचा झाला व ४.८६ ग्रॅमवर आला. १९४३ मध्ये, महायुद्धात धातूची व चिल्लरीची टंचाई असताना, मधोमध भोक पाडलेला सुमारे २ ग्रॅमचा पैसा निघाला. तरीही रुपयाला पैसे ६४ च! एका रुपयाच्या पैशांचा धातू ४१५ ग्रॅमवरून १३० ग्रॅमच्या आसपास उतरला.

मग हा पैसा बाजारात चालला कसा? उत्तरासाठी जर्मन राज्यांकडे वळू. १६१९ ते १६२३ या काळात तेथील अनेक सत्ताधीशांनी लहान नाण्यांतली चांदी कमी करून तांबे वाढवले व अशी नाणी बेसुमार पाडली. किमती भडकल्या. शेवटी तीच हीन नाणी कराच्या रूपाने त्यांच्याच तिजोरीत परत येऊ लागली. म्हणजे धातू हलका होणे हा एकट्याने दोष नव्हे. नाणी किती पाडली आणि पाडणारा ती ठरल्या भावाने परत घेतो का, हे निर्णायक ठरते.

भोकाच्या पैशाचे रुपयाशी नाते टिकले ते यामुळेच. पण युद्धकाळात कागदी नोटा वाढल्या आणि रुपयाचीच खरेदीशक्ती घसरली. परळ-लालबागच्या गिरणी कामगाराच्या हाती पैसे तितकेच राहिले तरी धान्य कमी आले. त्याचे नुकसान तराजूत दिसत नव्हते, ते वाण्याच्या दुकानात दिसत होते.

वर्गात जुनी नाणी जमवून तोलून पाहावीत. वजनांचा तक्ता मुलांनीच करावा, आणि मग विचारावे: नाण्याची किंमत नेमकी कशात असते?