राब ते बुरशीनाशक : पेठ तालुक्यातील रोपवाटिकेचा इतिहास

प्रस्तावना

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडील पेठ तालुका हा डोंगराळ, भरपूर पावसाचा आणि आदिवासीबहुल प्रदेश आहे. भात, नागली व वरई ही येथील प्रमुख पिके असून त्यांची रोपे आधी वाफ्यात वाढवून नंतर त्यांची लावणी केली जाते. पाऊस भरपूर असला तरी तो वेळेवर व सलग पडेलच असे नाही. जूनच्या सरींनंतर पावसाने ताण दिला की कोवळी रोपे सुकू लागतात आणि दुर्बळ झालेल्या रोपांवर करपा रोग सहज बळावतो. हे दुहेरी संकट टाळण्यासाठी शेतकऱ्यांनी व शास्त्रज्ञांनी काय केले, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

राब पद्धती व वनकायदा

पावसाळ्यापूर्वी वाफ्यावर शेण, पालापाचोळा, झाडांच्या फांद्या व गवत यांचे थर रचून वर मातीचा पातळ थर देऊन ते जाळणे, यास 'राब भाजणे' म्हणतात. या मंद आचेने तणांचे बी व मातीच्या वरच्या थरातील रोगजंतू नष्ट होतात आणि राखेतून पोटॅशसारखी अन्नद्रव्ये मिळतात. परिणामी रोपे जोमदार वाढतात व लावणीस लवकर तयार होतात.

१८७८ मध्ये बेगमेच्या मृत्यूनंतर पेठ संस्थान ब्रिटिश अमलाखाली आले. भारतीय वन कायदाही त्याच वर्षी संमत झाला. फांद्या तोडण्यावरील निर्बंधांमुळे राबाचा प्रश्न सह्याद्रीच्या पट्ट्यात तीव्र झाला. ठाणे-कुलाब्याकडील तक्रारींच्या चौकशीसाठी सरकारने १८८५ मध्ये वन आयोग नेमला व त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. वनाधिकाऱ्यांच्या दृष्टीने राब हा जंगलाचा अपव्यय होता, तर शेतकऱ्यांच्या दृष्टीने तो पिकाचा पाया होता.

शास्त्रीय परीक्षण

१८९३ च्या आपल्या अहवालात डॉ. व्होएल्कर यांनी राबाची दखल घेतली. पुढे १९१२ मध्ये हॅरोल्ड मान, जोशी व कानिटकर यांनी या पद्धतीवर स्वतंत्र संशोधन प्रसिद्ध केले आणि राखेच्या खतमूल्याबरोबरच माती भाजली जाण्याच्या परिणामाचाही विचार केला. इंग्लंडमधील रॉदॅमस्टेड येथे रसेल व हचिन्सन यांनी १९०९ मध्ये मातीच्या अंशतः निर्जंतुकीकरणाविषयी मांडलेल्या निष्कर्षांमुळे या विषयास जागतिक संदर्भही लाभला होता.

बुरशीनाशकांचा प्रवेश

१८८५ मध्ये फ्रान्समध्ये मिलार्डे यांनी बोर्डो मिश्रण जाहीर केले. विसाव्या शतकात बीजप्रक्रियेसाठी प्रथम पारायुक्त औषधे आली. मात्र ती विषारी असल्याने कालांतराने मागे पडली व थायरम, कार्बेन्डाझिम यांचा वापर रूढ झाला. भातासाठी ३ टक्के मिठाच्या द्रावणात (१० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ) पोकळ बी तरंगवून काढणे व उरलेल्या बियाण्यास बुरशीनाशक चोळणे, अशी शिफारस महाराष्ट्रात केली जाते.

१९८० च्या दशकात ट्रायाझोल गटातील बुरशीनाशकांचा आणखी एक गुण पुढे आला. ती वनस्पतीतील जिबरेलिन या वाढीच्या संप्रेरकाची निर्मिती रोखतात. त्यामुळे रोप बुटके राहते, त्याची पाने जाड होतात व बाष्पोत्सर्जन कमी होऊन ते पाण्याचा ताण काही काळ सोसते. कोकणात आंब्यासाठी वापरले जाणारे पॅक्लोब्युट्राझोल याच गटाशी संबंधित आहे. परंतु हाच गुण दोषही ठरतो. बीजप्रक्रियेत मात्रा वाढल्यास कोंब आखूड राहून उगवण लांबते आणि बी खोल पडले असल्यास ते वर येणेच कठीण होते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, बुरशीनाशक रोगापासून संरक्षण देते, पण ते पाण्याची जागा घेऊ शकत नाही. राबाने रोगनियंत्रण व पोषण ही दोन्ही कामे साधली, मात्र त्यासाठी जंगलाची किंमत मोजावी लागली. पेठसारख्या भागात गादीवाफा, बीजप्रक्रिया व संरक्षित पाण्याची थोडी सोय यांची सांगड घालणे हाच व्यवहार्य मार्ग होय. शिफारस करताना शेतकऱ्याच्या परंपरागत अनुभवास अज्ञान समजण्याची शंभर वर्षांपूर्वीची चूक पुन्हा होऊ नये, हाच या इतिहासाचा बोध आहे.