लाकडी पेन : कातकाम आणि रेषाजुळणी

लेथवर फिरणारा लाकडी ठोकळा पटाशीने कातून घडवलेले हातबनावटीचे पेन. महाराष्ट्रात कातकामाची ठळक परंपरा सावंतवाडीच्या लाखकामाच्या खेळण्यांची. पेनासाठी साग, बाभूळ, शिसवी चालतात. शिसवीच्या काळपट जांभळ्या रेषा सर्वांत देखण्या, म्हणूनच त्या पेनाच्या दोन भागांच्या सांध्यापाशी तुटल्या की लगेच खुपतात.

सुमारे २ सेंमी. जाडीचा ठोकळा दोन भागांत कापण्याआधी त्यावर कापाच्या आरपार पेन्सिलीची रेघ ओढतात, म्हणजे पुढे तुकडे उलटेसुलटे होत नाहीत. करवतीचे पाते शक्यतो पातळ हवे. मग भोक पाडून (बारीक पेनांत ७ मिमी.) पितळी नळी चिकटवतात. सांध्याजवळ दोन्ही भागांचा व्यास सारखा ठेवावा लागतो. एकीकडे जास्त कातले गेले की आतले वर्षवलय उघडे पडते आणि रेषा सरकते. मात्र दोन भागांमधली धातूची कडी रुंद असेल, तर तेवढ्याच रुंदीचे लाकूड कापात गेलेले बरे. नजर ती फट आपोआप भरून घेते. टोपणाच्या पेनात आट्यांचा प्रश्न येतो. तिहेरी आटे असल्यास टोपण तीन जागी बसते, पण रेषा एकाच जागी जुळतात.

पनवेलजवळच्या विचुंबे परिसरातील पावसाळी दमट हवेत लाकूड फुगते. त्यामुळे ठोकळे पुरते सुकवून, भोक पाडल्यावर काही दिवस तसेच ठेवून मगच शेवटचा हात फिरवणे श्रेयस्कर.