दोन खानेसुमाऱ्यांमधले गाव



आपल्या पणजोबांच्या काळी जनगणनेला 'खानेसुमारी' म्हणत. खाना म्हणजे घर आणि शुमार म्हणजे मोजदाद. उर्दूत तिलाच 'मर्दुमशुमारी', म्हणजे माणसांची मोजदाद, असे म्हणतात. नाव कोणतेही घ्या. सरकार माणसे मोजते, आकडा छापते आणि आपण तो परीक्षेपुरता पाठ करतो. परंतु एका आकड्यापासून दुसऱ्या आकड्यापर्यंतच्या वर्षांत माणसांचे काय झाले, हा खरा इतिहास होय. शिरूर तालुक्यातील कवठे येमाईसारख्या गावाचा इतिहास बराचसा याच मधल्या जागेत दडलेला आहे, कारण अशा गावांवर कोणी जाडजूड ग्रंथ लिहीत नाही.

हिशेब अगदी साधा आहे. जुन्या आकड्यात जन्म मिळवा, मृत्यू वजा करा. बाहेरून आलेले मिळवा, गाव सोडून गेलेले वजा करा. नवा आकडा तयार होतो. आकडा वाढला किंवा घटला एवढेच पाहून भागत नाही. या चारांपैकी काय घडले, हे विचारावे लागते.

आपल्या पुणे जिल्ह्याचेच उदाहरण घेऊ. १८७२ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या ९,२१,३५३ होती. १८८१ मध्ये ती ९,००,६२१ भरली. नऊ वर्षांत वाढ होण्याऐवजी सुमारे वीस हजार माणसे कमी झाली. मध्ये १८७६-७७ चा भीषण दुष्काळ होऊन गेला होता, आणि जिल्ह्याच्या पूर्वेकडील कोरडवाहू भागाला त्याची झळ फार बसली. पुढील दहा वर्षांत जिल्हा सावरला. १८९१ मध्ये आकडा १०,६७,८०० झाला. परंतु १९०१ मध्ये तो पुन्हा ९,९५,३३० वर आला. या दशकात प्लेग आला आणि पाठोपाठ १८९९-१९०० चा दुष्काळ पडला. प्लेगच्या दिवसांत लोक गाव मोकळे करून रानात झोपड्या बांधून राहत. बहात्तर हजारांची ही घट कागदावर एका ओळीत मावते. घराघरांत तिचे काय झाले असेल, याची कल्पना आपणच करावी.

यानंतर १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ आली. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत १९११ मध्ये २ कोटी १४ लाखांवर माणसे होती. १९२१ मध्ये ती २ कोटी ८ लाखांवर आली. साऱ्या भारताचीही लोकसंख्या या एकाच दशकात घटली. म्हणून लोकसंख्याशास्त्रज्ञ १९२१ या वर्षाला मोठी दुभंगरेषा मानतात. त्यानंतरच्या प्रत्येक जनगणनेत देशाचा आकडा वाढतच गेला.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. पाऊस १९७२ मध्येही पाठ फिरवून गेला. विहिरी आटल्या, जनावरे गेली, बायामाणसे खडी फोडायला गेली. तरी १९७१ ते १९८१ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या २४.५४ टक्क्यांनी वाढली. दुष्काळ दोन्ही वेळी पडला. पण दुसऱ्या वेळी गावोगाव दुष्काळी कामे निघाली, धान्य पोहोचले, आणि पुढे १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदाही झाला. माणसे जगतात की मरतात, हे केवळ आभाळावर ठरत नाही. समाजाने काय व्यवस्था केली, यावरही ठरते. दोन दुष्काळांचे आकडे शेजारी ठेवले की हा धडा आपोआप मिळतो.

अलीकडे मात्र घटीचा अर्थ बदलला आहे. २००१ ते २०११ या काळात पुणे जिल्हा ७२ लाखांवरून ९४ लाखांवर गेला, आणि रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या उलट कमी झाली. तेथे साथ नव्हती की दुष्काळ नव्हता. तरुण पोटापाण्यासाठी बाहेर गेले. आपल्या शिरूर तालुक्यातही रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीकडे दूरदूरच्या जिल्ह्यांतून माणसे येतात, आणि गावागावांतील शिकलेली मुले पुण्याकडे जातात. एकाच तालुक्यात एक गाव फुगते आणि दुसरे ओसरते.

आकड्यात काय मावत नाही, याचे उदाहरण कवठे येमाईतच आहे. लोकशाहीर बशीर मोमीन कवठेकर याच गावचे. तमाशाच्या फडांसाठी त्यांनी लावण्या आणि वगनाट्ये लिहिली, आणि गावाचे नाव आपल्या नावात मिरवले. त्यांचा जन्म १९४७ चा, म्हणजे दोन जनगणनांच्या मधला. त्यांच्या हयातीत १९५१ पासून २०११ पर्यंत सात जनगणना झाल्या. प्रत्येक वेळी त्यांची किंमत 'एक' एवढीच. २०२१ ची जनगणना कोविडमुळे लांबणीवर पडली, आणि त्याच वर्षी ते निवर्तले.

ती राहिलेली जनगणना आपल्या मुलांनाही लागू आहे. नव्या गणनेसाठी आपल्या राज्यात १ मार्च २०२७ ही संदर्भ-तारीख सरकारने जाहीर केली. २०११ च्या गणनेनंतर जन्मलेले मूल तोवर दहावीच्या उंबरठ्यावर पोहोचते. पण देशाच्या एकाही जनगणनेत ते नाही. शाळा, वसतिगृह, दवाखाना कोठे हवा, याचा विचार सोळा वर्षांपूर्वीच्या आकड्यांवर होत राहिला, तर तोटा कोणाचा?

म्हणून पालकहो, प्रगणक दारी येईल तेव्हा घरातील प्रत्येकाचे वय, शिक्षण आणि मातृभाषा खरी सांगा. तान्ह्या बाळाचे आणि म्हाताऱ्या आजीचेही नाव गाळू नका. आणि विद्यार्थ्यांनो, तुम्ही एक वही करा. दर दहा वर्षांत आपल्या घरी कोण जन्मले, कोण गेले, कोण गाव सोडून गेले आणि का, हे आजी-आजोबांना विचारून लिहा. ग्रामपंचायतीतील जन्ममृत्यूची नोंद आणि शाळेचे जनरल रजिस्टर तुमच्या मदतीला आहे; शाळा कोणी कधी व कोणत्या कारणाने सोडली, हे त्यात लिहिलेले असते. लेक सासरी गेली की गावाचा आकडा एकाने घटतो. ती सातवीतून गेली की पदवी घेऊन गेली, हे त्या घटीवरून कळत नाही. ते तुमच्या वहीतून कळेल.

माणसे मोजण्याचे काम सरकारचे आहे. मोजलेली माणसे ओळखण्याचे काम मात्र आपलेच आहे.