एम्पायर : टोटल वॉर आणि माळव्यातील पवार

‘एम्पायर : टोटल वॉर’ हा ब्रिटनमधील ‘क्रिएटिव्ह असेंब्ली’ने निर्मिलेला संगणकीय युद्धखेळ मार्च २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा मुख्य डाव १७०० ते १७९९ या काळात घडतो आणि मराठ्यांची बाजू घेऊनही तो खेळता येतो. राज्यकारभाराच्या चाली आळीपाळीने होतात; रणांगणावरील लढाई मात्र न थांबता सलग चालते.

खेळात प्रत्येक प्रांताला एकच धनी असतो. राजधानी पडली की प्रांत हाती येतो. माळव्यात तसे घडले नाही. पुढे पोर्तुगीजांकडून वसई जिंकणाऱ्या चिमाजी अप्पांनी २९ नोव्हेंबर १७२८ रोजी, आजच्या धार जिल्ह्यातील अमझेरा येथे, मोगल सुभेदार गिरधर बहादूर याचा पराभव केला. सुभेदार रणात पडला. तरीही माळव्याची नायब सुभेदारी पेशव्यांना मिळाली ती १७४१ मध्ये. मधली वर्षे मोहिमा, चौथाई आणि वाटाघाटी यांत गेली.

याच काळात पवार घराण्याने माळव्यात बस्तान बसवले. धारला आनंदराव पवार, तर देवासला तुकोजीराव व जिवाजीराव हे बंधू स्थिरावले. देवासच्या थोरल्या व धाकट्या पातीची राजधानी एकाच गावात होती. १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन होईपर्यंत ही दोन्ही संस्थाने टिकली.

खेळातील बंदुका, तोफा आणि व्यूह त्या शतकाची ओळख करून देतात. परंतु एका गावात दोन गाद्या नांदवणारी मराठी राज्यव्यवस्था समजण्यासाठी धार-देवासचाच इतिहास वाचावा लागतो.