पावली सुटली आणि तोल गेला

मंडळी, आज राजकारण नाही. घरातलंच सांगतो, पण विषय गावाचा आहे.

मागच्या पावसाळ्यात माझी माय रात्री न्हाणीकडं जाताना पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला. भेटायला येणारे म्हणायचे, "वय झालं, पडायचंच." मला मात्र दुसरंच खुपत होतं. दोन वर्षांआधी सप्ताहात पावली खेळताना तिचा तोल थोडा गेला होता. तेव्हा मीच म्हणालो होतो, "माय, आता उभं राहायचं नाही, खुर्चीवर बस." तिनं ऐकलं. सप्ताहातही बसली, घरातही बसली.

आपला हा मुलूख नाचत देवाकडं जाणाऱ्यांचा. शेजारचं गंगाखेड जनाबाईंचं. नरसी नामदेवांची, १ मे १९९९ ला हिंगोली वेगळा होईपर्यंत तीही आपल्याच परभणी जिल्ह्यात होती. कीर्तनात नाचण्याची वाट नामदेवांच्या नावानं ओळखली जाते, म्हणजे गोष्ट सातशे वर्षांची. पुढं १९ व्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी आळंदीच्या पालखीला दिंड्यांची शिस्त लावली. त्या दिंड्यांत म्हातारी माणसं कधी बाजूला बसवलेली नव्हती.

पावली नीट बघा. भार एका पायावरून दुसऱ्यावर. दोन पावलं पुढं, मग मागं, वाकायचं, वळायचं. हातात टाळ, तोंडी अभंग, आणि मृदंगाची लय वाढली की पायाचीही वाढवायची. म्हातारं माणूस पडतं ते बहुतेक अशाच वेळी: वळताना, मागं सरकताना, लक्ष दुसरीकडं असताना. पावलीत नेमका त्याचाच सराव होतो. बायकांचा पंचमीचा फेरही त्याच जातीचा. (फुगडीचं मात्र सत्तरीत नाव काढू नका.)

परदेशात याला उपचाराचं रूप यायला २० वं शतक उजाडलं. १९४२ मध्ये मेरियन चेस या नर्तकीनं वॉशिंग्टनच्या मनोरुग्णालयात नाचातून उपचार सुरू केले. १९६६ ला अमेरिकेत अशा उपचारकांची संघटना झाली. पण तो विषय मनाचा होता. पडण्याबद्दलचा मोठा पुरावा २०११ मध्ये जिनिव्हातून आला. पासष्टीपुढच्या १३४ जणांचा अभ्यास. आठवड्यातून एक तास पियानोच्या तालावर चालायचं, ताल बदलला की चाल बदलायची, हातात वस्तू घेऊन हालचाली करायच्या. सहा महिन्यांत त्यांचं पडणं निम्म्यावर आलं. वाचताना मला आपला टाळच दिसत होता.

आपल्याकडं पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनी पार्किन्सनच्या रुग्णांना नाच शिकवला. त्या आजारात पाऊल जमिनीला चिकटल्यासारखं होतं, आणि ताल मिळाला की सुटतं.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर बातमी अर्धी राहील. सिडनीत २३ वृद्ध-वसाहतींमधल्या ५३० जणांवर प्रयोग झाला, २०१६ ला निकाल आला: तिथं नाचामुळं पडणं कमी झालं नाही. म्हणजे नुसतं पाय हलवून भागत नाही. माझं मत असं की तोल जरासा डळमळावा आणि आपणच तो सावरावा, हे त्यात असायला हवं, आणि तेही वर्षभर. आपला सप्ताह तर आठवड्यात संपतो. शिवाय चक्कर येणारे, नजर अधू असलेले, नुकतं ऑपरेशन झालेले यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उभंही राहू नये.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यानुसार जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरतात. अपघाती मृत्यूंमध्ये रस्त्यानंतर नंबर पडण्याचाच. आपण रस्त्यातल्या खड्ड्यासाठी निवेदन देतो. न्हाणीतल्या शेवाळासाठी, दिव्यासाठी, भिंतीला धरायच्या एका नळीसाठी कोण देतं? आणि भजनी मंडळांनी आठवड्यातून एक संध्याकाळ म्हाताऱ्यांसाठी संथ पावली ठेवली, बाजूला धरायला एक तरणं पोरगं उभं केलं, तर खर्च तो काय?

फिजिओथेरपिस्टनं मायला आता भार बदलायचा व्यायाम दिलाय. ती ओसरीचा खांब धरून उभी राहते, मी मागं थांबतो आणि टाळ वाजवतो. काल लय जरा वाढली माझी. लगेच म्हणाली, "हळू वाजव रे, पळायचंय का मला?"